शेपटीतला अठरा वर्षांचा

चिरंजीवांनी एप्रिलमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट पास केली आणि आमच्या घरात विम्याचं महाभारत सुरू झालं. अठरा वर्षांच्या मुलाचं नाव माझ्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकच्या विम्यात घालायचं, तर जो आकडा सांगतात त्यात तसलीच दुसरी गाडी दारात उभी राहील. मी सरळ नाही म्हटलं. तो दोन दिवस घुम्यासारखा वावरला आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, हा बघ. हा माझ्याएवढा होता."

कागद त्याच्या इतिहासाच्या प्रोजेक्टचा. १६ मे १९४३च्या रात्री १९ लँकॅस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला इंग्लंडहून निघाली, त्यातल्या १३३ जणांची यादी. ८ विमानं परतली नाहीत, ५३ जण मेले, तिघं कैद झाले. यादीतलं सर्वांत लहान वय सार्जंट जॅक लिडेलचं, १८. जन्म १९२४चा, गाव वेस्टन-सुपर-मेअर. समुद्रकाठचं गाव, अजूनही तिथे वाळूत मुलांना गाढवावर बसवून फिरवून आणतात. आणि हा मुलगा बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत मशीनगन धरून बसायचा.

जूनअखेर त्याची परीक्षा संपली. मला पाच दिवस सुट्टी होती. स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊन पडावं असा माझा बेत होता. आम्ही गेलो जॅक लिडेलच्या मागे. गाडी अर्थातच मी चालवली.

पहिला दिवस : सायर्स्टन, स्कॅम्प्टन, लिंकन

आम्ही वीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये राहतो. घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर, नेवार्कच्या रस्त्याला सायर्स्टन लागतं, इतकी वर्षं मी त्या पाटीवरून नुसती जात होते. जॅक आधी इथल्या हवाई तळावर होता, ६१ स्क्वाड्रन या विमानांच्या तुकडीत. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये एका माणसाच्या वाट्याला तीस मोहिमांची एक पाळी यायची, तिला टूर म्हणत. ती संपली की काही महिने मोहिमेवर न जाता शिकवायचं वगैरे काम मिळे. जॅकची टूर अठराव्या वर्षीच पूर्ण झाली होती.

इथे चिरंजीवांनी मोबाइलवर हिशेब मांडला. तीस मोहिमांना अमुक महिने, त्याआधी गनरीचं प्रशिक्षण, त्याआधी भरती. काहीही केलं तरी भरतीच्या वेळी तो सतराच्या आसपासच निघतो. भरतीच्या टेबलापाशी त्यानं आपलं खरं वय सांगितलं असेल असं काही हिशेबात बसेना. मी म्हटलं, आईबापांनी कसं सोडलं असेल? "विचारलं असेल का?" असा उलट प्रश्न आला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सायर्स्टनला आता एअर कॅडेट्स ग्लायडर उडवतात. कुंपणाबाहेर गाडी थांबवून आम्ही पंधरा मिनिटं बघत राहिलो. एक पांढरं ग्लायडर आवाज न करता वर गेलं, गोल फिरलं, उतरलं. त्यातून उतरलेला पोरगा शाळकरी असावा.

धरणांच्या मोहिमेसाठी नवी ६१७ स्क्वाड्रन मार्च १९४३ मध्ये लिंकनच्या उत्तरेला स्कॅम्प्टनला उभी केली. तिचा प्रमुख गाय गिब्सन, तोही सायर्स्टनहूनच आलेला आणि तोही अवघ्या चोवीस वर्षांचा. ६१ स्क्वाड्रनमधून पायलट रॉबर्ट बार्लो आला, त्याच्याबरोबर जॅक. टूर संपलेल्या मुलाला घरी बसायची मुभा असताना तो पुन्हा का आला, याचं कारण कुठे लिहिलेलं सापडत नाही. मला आपलं वाटतं, घरी जाऊन करायचं काय, हाच प्रश्न असेल. सतराव्या वर्षापासून त्याचं घर म्हणजे बराकच.

स्कॅम्प्टनचा तळ आता बंद झालाय. बाहेरून जाणारा ए-१५ हा मूळचा रोमन रस्ता, पट्टीनं आखल्यासारखा सरळ येतो आणि तळापाशी आल्यावर पोट काढल्यासारखा बाहेर वळतो. पन्नाशीच्या दशकात धावपट्टी लांबवली, तेव्हा दोन हजार वर्षांच्या रस्त्याला बाजूला सरकावं लागलं. १९४३ मध्ये मात्र इथे डांबर नव्हतं, सिमेंट नव्हतं, नुसतं गवत होतं. चार टनांहून जड बॉम्ब पोटाशी बांधलेली विमानं त्या गवतावरून धावत उठली.

संध्याकाळी लिंकनच्या बॉम्बर कमांड सेंटरला पोचलो. टेकडीवर गंजलेल्या रंगाच्या पोलादाचा मनोरा आहे, उंची ३१.०९ मीटर, म्हणजे लँकॅस्टरच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर. भोवती गोल गोल पोलादी भिंती, त्यात नावं कोरून आरपार कापलेली, ५७ हजारांवर. नुसतं उड्डाण करणाऱ्यांचं गणित सांगायचं तर सव्वा लाखातले ५५,५७३ मेले, शंभरात चव्वेचाळीस. हे आकडे मी आधीही वाचले होते. पण 'एल' अक्षराच्या भिंतीशी उभं राहून खालून वर, वरून खाली नाव शोधायला लागलं की आकड्याला वजन येतं. आडनावं एकाखाली एक, एकाच आडनावाचे कितीतरी. लोकांनी अक्षरांच्या फटींत कागदी पॉपीची फुलं खोचलेली. लिडेल सापडला तेव्हा चिरंजीवांनी फोटो काढायला फोन वर केला आणि तसाच खाली घेतला. मागच्या दरीपलीकडे लिंकनचं कॅथीड्रल उन्हात उभं होतं. परत येणारी विमानं तेच बघत यायची.

आत प्रदर्शनात बॉम्ब टाकणाऱ्यांच्या शेजारी बॉम्ब झेलणाऱ्या गावांच्याही हकिगती आहेत, हे मला फार बरं वाटलं. एका फोटोत अर्धगोल पत्र्याच्या बराकी दिसल्या आणि मी एकदम म्हणाले, "अरे, निस्सनहट!" पानशेतच्या पुरानंतर पुण्यात पूरग्रस्तांसाठी असलीच अर्धगोल घरं उभी राहिली होती. आईची एक मावशी त्यात राहायची. आम्ही लहानपणी तिथे जायचो तेव्हा भिंतीला पाठ टेकवता येत नाही, डोकं आपटतं, एवढंच त्याचं अप्रूप होतं. ही वस्तू युद्धातल्या पोरांसाठी बनली, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर लिंकनमध्ये कळलं.

दुसरा दिवस : ईस्ट कर्कबी, वुडहॉल स्पा, हारविच

लिंकनपासून तासाभरावर ईस्ट कर्कबीला एका शेतात, जुन्या युद्धकालीन तळावर, एक खरं लँकॅस्टर आहे. नाव 'जस्ट जेन', नंबर एनएक्स ६११. ते उडत नाही, पण चारही इंजिनं चालतात. हे संग्रहालय पँटन नावाच्या दोघा शेतकरी भावांनी उभं केलं. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर फ्लाइट इंजिनिअर होता, ३१ मार्च १९४४च्या पहाटे न्यूरेम्बर्गच्या मोहिमेत गेला. वय १९. त्या एका रात्रीत ९५ विमानं परतली नाहीत, अख्ख्या युद्धात बॉम्बर कमांडची तेवढी हानी दुसऱ्या कुठल्या रात्री झाली नाही. धाकट्यांनी पुढे हे विमान विकत घेतलं. त्याआधी बरीच वर्षं ते स्कॅम्प्टनच्याच फाटकाशी शोभेला उभं होतं.

विमानात बसून गवतावर चक्कर मारून आणतात, त्याचं तिकीट आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. दोरीच्या अलीकडे उभं राहून मी त्याची शेपूट मात्र मनसोक्त पाहिली.

दोन उभ्या सुकाणूंच्या मधोमध, अगदी टोकाला, काचेसारख्या पर्स्पेक्सचा एक घुमट. माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटाएवढा. त्यात एक बैठक आणि चार ब्राउनिंग मशीनगन, दोन डाव्या हाताला, दोन उजव्या. आत शिरायचं ते पाय पुढे टाकून, सरपटत. मागे सरकती दारं. एकदा ती लावली की बाकीच्या सहा जणांशी संबंध फक्त कानातल्या इंटरकॉमचा. पायलट, नेव्हिगेटर, सगळे पुढे, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर, आणि हा एकटा त्यांच्याकडे पाठ करून. बाकीचे जिथे चाललेत ते बघतात, हा जे मागे पडलं ते बघतो. अंगात विजेवर तापणारा सूट, तरीही उंचावर गोठायला व्हायचं, शिवाय नीट दिसावं म्हणून पुष्कळ जण समोरचं पर्स्पेक्सच काढून टाकायचे. पॅराशूट घालून घुमटात मावत नसे, ते दाराबाहेर विमानाच्या आतल्या भिंतीला अडकवलेलं. म्हणजे विमान पेटलं तर आधी घुमट सरळ करायचा, मग दारं उघडायची, हात मागे घालून पॅराशूट ओढायचं, छातीवर अडकवायचं, पुन्हा घुमट फिरवायचा आणि मग पाठीवर पडून बाहेर. हे सगळं उंचावर असताना. जमिनीला चिकटून उडताना या यादीतलं काहीच उपयोगाचं नाही.

तेवढ्यात इंजिनं सुरू झाली. पहिलं खोकलं, निळा धूर सोडला आणि लागलं. मग दुसरं. चारही लागल्यावर आवाज कानात नाही, बरगड्यांत येतो. शेजारी एक आजोबा डोळे मिटून उभे होते. आमचे चिरंजीव, जे घरात मिक्सर लावला तरी कानावर हात ठेवतात, ते तोंड उघडं टाकून बघत होते.

दुपारी वुडहॉल स्पा. चौकात ६१७ स्क्वाड्रनचं स्मारक आहे, फुटलेल्या धरणाच्या आकाराचं. सुबक आहे. मला तो आकार रुचला नाही. फुटलेलं धरण हे ज्याच्या घरावरून पाणी गेलं त्याला स्मारकासारखं दिसत नाही. पण नावं वाचली, सँडविच खाल्लं, निघालो. हारविच बंदरापर्यंत चार तास. "निदान शेवटचा तास तरी मी चालवतो." नाही.

रात्रीच्या बोटीवर चढताना पासपोर्टच्या खिडकीशी मुलाला दोन सेकंदांत सोडलं, तो ब्रिटिश. माझा भारतीय पासपोर्ट, त्यातला शेंगेन व्हिसा उलटसुलट करून पाहिला. कुठे चाललात? धरण बघायला, असं मी म्हणाले. खिडकीतल्या बाईनं एकदा माझ्याकडे आणि एकदा मुलाकडे पाहिलं आणि पासपोर्ट परत दिला.

तिसरा दिवस : हाल्डर्न

सकाळी आठला हुक ऑफ हॉलंड. तिथून जर्मनीची हद्द दोन तासांवर. रस्ता सपाट, दोन्हीकडे कालवे आणि गाई. बार्लोचं विमान मात्र असं मधून आलं नव्हतं. त्यांच्या पाच विमानांच्या तुकडीचं लक्ष्य होतं सोर्पे धरण आणि त्यांचा मार्ग उत्तरेकडून, वळसा घालून. म्हणून ती सर्वांत आधी निघाली. पहिलं उठलं ते बार्लोचं, ए-जे-ई खुणेचं, रात्री ९ वाजून २८ मिनिटांनी. युद्धामुळे इंग्लंडची घड्याळं दोन तास पुढे होती, तेव्हा बाहेर अजून चांगला उजेड होता. शेपटीत उलट्या तोंडानं बसलेल्या जॅकला स्कॅम्प्टनचं गवत, तंबूएवढे होत गेलेले हँगर आणि मग लिंकनचं कॅथीड्रल मागे मागे जाताना दिसलं असणार.

बाकी सहा जणांबद्दल थोडं सांगायला हवं. बार्लो ऑस्ट्रेलियाचा, मेलबर्नचा, तिशीतला. वायरलेस ऑपरेटर चार्ली विल्यम्स क्वीन्सलँडचा, ३४ वर्षांचा. त्याची वाग्दत्त वधू आमच्या नॉटिंगहॅमची, लग्न तोंडावर आलेलं. पुढचा गनर हार्वी ग्लिंझ कॅनडातल्या विनिपेगचा. फ्लाइट इंजिनिअर व्हिलिस, नेव्हिगेटर बर्जेस, नेम धरून बॉम्ब सोडणारा गिलेस्पी हे इंग्लंडमधले. काकांच्या घोळक्यात एक पुतण्या असावा तसा जॅक. त्याला ते काय हाक मारत असतील, हा विचार मला वाटभर पुरला.

पाचातलं एक विमान किनाऱ्यावरच्या माऱ्यात सापडून परत फिरलं. एक इतक्या खालून चाललं होतं की समुद्राला घासलं, बॉम्ब पाण्यात गेला आणि तेही परतलं. एक टेक्सेल बेटापाशी पडलं, सगळे गेले. मॅकार्थी या पायलटचं विमान उशिरा निघालं, पण सोर्पेपर्यंत पोचलं. बार्लो जर्मनीत शिरला. रडारला दिसू नये म्हणून शंभर फुटांच्या आसपास, म्हणजे आठ-दहा मजली इमारतीच्या गच्चीच्या उंचीवरून. चांदणं स्वच्छ. ११ वाजून ५० मिनिटांनी हाल्डर्नच्या शेतात हाय-टेन्शनच्या तारांना विमान लागलं आणि जळत पडलं. सातही जण जागीच गेले. निघाल्यापासून २ तास २२ मिनिटं. बोटीवरचा सिनेमा याहून थोडासा लहान होता.

हाल्डर्न हे ऱ्हाइनकाठच्या रेस गावाच्या हद्दीतलं एक खेडं. चिरंजीवांना नाव आधीपासून माहीत, कारण इथे दर ऑगस्टमध्ये संगीताचा मोठा जलसा भरतो. गावाबाहेर शेताच्या कडेला सात नावांचं छोटं स्मारक आहे. आम्ही पोचलो तेव्हा मक्याचं पीक गुडघ्याच्या वर आलं होतं. पलीकडून ट्रॅक्टर गेला, चालवणाऱ्यानं हात वर केला. आणि डोक्यावर तारा. त्याच त्या असतील असं नाही, पण तारा होत्या, आणि त्या दिवसाढवळ्यासुद्धा आकाशाच्या रंगात अशा मिसळल्या होत्या की खांब दिसल्याशिवाय तार दिसत नव्हती. मी उन्हात डोळे बारीक करून उभी होते, तरी.

या जागेची एक विचित्र गोष्ट आहे. विमान जळलं, पण बॉम्ब फुटला नाही. तो सुटून बाजूला पडला, एखाद्या मोठ्या पिंपासारखा. गावच्या महापौरांना ती पेट्रोलची टाकी वाटली म्हणे, आणि ते ऐटीत तिच्यावर चढून उभे राहिले, आता आपल्याला पेट्रोलची कुपनं नकोत अशा थाटात. नंतर कळलं की आपण चार टनांच्या बॉम्बवर उभे होतो. बार्न्स वॉलिस या इंजिनिअरनं वर्षभर डोकं आटवून केलेला, पाण्यावर चकतीसारखा टप्पे खाणारा, सोडण्याआधी मिनिटाला ५०० फेरे उलटा फिरवायचा तो गुप्त बॉम्ब, पहिल्याच रात्री अख्खाच्या अख्खा जर्मनांच्या हातात पडला. त्यांनी तो उघडला आणि त्याची रेखाचित्रं काढली. माझ्यातल्या पुणेकराला महापौरांची कुपनं फार आवडली. चिरंजीव म्हणाले, "आई, तू स्मारकापुढे हसतेयस."

मुक्काम रेसला, ऱ्हाइनच्या काठावर. जेवण बरं होतं.

चौथा दिवस : राइख्सवाल्ड

एमेरिखचा तांबडा झुलता पूल ओलांडून क्लेव्हच्या बाजूला गेलं की राइख्सवाल्डचं जंगल लागतं. जंगलाच्या पोटात युद्धस्मशानभूमी, ७,५९४ जणांची. त्यातले चार हजारांच्या आसपास विमानदलाचे. १९४५च्या फेब्रुवारीत याच झाडीत लढाई झाली, त्यातले सैनिकही इथेच. जॅक आणि त्याचे सहकारी आधी ड्युसेलडॉर्फच्या उत्तर स्मशानभूमीत होते, युद्धानंतर त्यांना इथे आणलं. धरणांच्या मोहिमेतले एकूण २७ जण इथे आहेत.

फाटकातून आत गेल्यावर मला जे दिसलं ते ओळखीचं होतं. कापलेलं गवत, आखल्यासारख्या रांगा आणि मधोमध दगडी क्रॉस, त्यावर खाली टोक केलेली काशाची तलवार. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत हाच क्रॉस आहे. शाळेत असताना सायकलवरून जाताना आम्ही तिथे पेरू खायला बसायचो आणि माळी हाकलायचा. जगभर एकच नकाशा वापरलाय की काय, असं वाटलं. मनात आलं, खडकीत कुणा इंग्रज आईचा मुलगा आहे, त्याला बघायला तिला जन्मात जमलं नसेल, आणि मी तिथे पेरूच्या बिया थुंकत होते.

नोंदवही भिंतीतल्या कोनाड्यात असते. चिरंजीवांनी पान काढलं, बोट फिरवलं. लिडेल, सार्जंट, एअर गनर, वय १८. मग रांग शोधत निघालो. वाटेत तो दगडांवरची वयं मोठ्यानं वाचत होता. बावीस. वीस. एकवीस. तेवीस. तेहेतीस, "हा म्हातारा." वीस. एकोणीस. मग तो गप्प झाला आणि पुढची रांगभर आम्ही काहीच बोललो नाही.

एका विमानातले शेजारी शेजारी असतात. सातही दगड सारखे. पायलटला मोठा, गनरला छोटा असं काही नाही. पायथ्याशी गुलाबाची झुडपं, एकाखाली मधमाशी घुटमळत होती. मी घरून काहीच आणलं नव्हतं. फुलं न्यावीत हे सुचलं होतं, पण कुठली, कशाला, आपण कोण त्याचे, असं करत राहून गेलं. पर्समध्ये आईनं पाठवलेल्या आलेपाकाच्या वड्या होत्या. चिरंजीवांनी त्यातली एक काढून दगडाच्या कडेवर ठेवली. मी ओरडणार होते, मुंग्या येतील म्हणून. नाही ओरडले.

मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी स्कॅम्प्टनहून ५६ घरांना तारा गेल्या, ५६ नावांच्या. वेस्टनच्या घरात तार कुणी घेतली, कुणी वाचली, हे मला जाणून घ्यायचं नव्हतं. तरी तिथून परत येईपर्यंत दुसरं काही डोक्यात आलं नाही. गाडीपाशी आल्यावर किल्ली मुलाच्या हातात द्यावी असं एक क्षण वाटलं. मग विमा आठवला.

पाचवा दिवस : मोहने, नेहाइम, सोर्पे

क्लेव्हहून मोहने धरण दीडशे किलोमीटरच्या आसपास. १९१३ मध्ये पूर्ण झालेलं दगडी धरण, ४० मीटर उंच, ६५० मीटर लांब, किंचित कमानदार. वरून चालत जाता येतं. आइस्क्रीम मिळतं, बदकं आहेत, सायकलवाले आहेत. जॅकनं हे धरण पाहिलंच नाही. तो गेला त्यानंतर तासाभरानं, १२ वाजून ४९ मिनिटांनी, पाचव्या बॉम्बनं ते फुटलं. मधोमध ७० मीटरांहून रुंद भगदाड पडलं. त्याच रात्री एडरचं धरणही फुटलं. मोहनेचं भगदाड त्याच वर्षीच्या शरदापर्यंत बुजवलंही, वेठीला धरलेल्या मजुरांकडून. आता कुठून कुठपर्यंत नवा दगड आहे ते मी डोळे ताणून पाहिलं. ठाम सांगू शकणार नाही.

खालच्या दरीत हिमेलफोर्टनला एक मठ होता, 'स्वर्गाचं दार' असं नाव. तो वाहून गेला. त्याच्या खाली नेहाइम. नेहाइमच्या नदीकाठी कुंपणाच्या आत लाकडी बराकी होत्या, त्यात पूर्वेकडून, मुख्यतः युक्रेनमधून कारखान्यांसाठी धरून आणलेल्या बाया आणि मुली. रात्री एकच्या पुढे पाणी आलं तेव्हा फाटक बंद होतं. त्या रात्रीच्या पुरात एकूण साधारण १,६०० माणसं मेली. त्यातले हजारेक हे असे, जर्मन नसलेले, मर्जीविरुद्ध तिथे आणलेले.

प्रोजेक्टमध्ये चिरंजीवांनी हे लिहिलं होतं, एका परिच्छेदात. आता तो परिच्छेद नदीच्या काठावर उभा होता. नदी ओढ्याएवढी, स्वच्छ, तळातले गोटे दिसत होते. "त्या मुली पण अठराच्याच असतील ना," तो म्हणाला. काही तर लहानही असतील, मी म्हटलं. मग त्यानं विचारलं की जॅक पोचला असता तर त्याला खालचं दिसलं असतं का. शेपटीतल्यालाच दिसलं असतं. पुढचे तोवर वळलेले असतात.

माझ्या आईला रोज संध्याकाळी फोन करायचा नेम आहे, आज नेहाइमहूनच केला. पानशेतचं मातीचं धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ला, ती नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत. मी सांगितलं, आज फुटलेलं धरण बघितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा :

"पाणी रात्री आलं की दिवसा?"

रात्री, म्हटलं.

"अगंबाई." ती थोडी थांबली. "आपल्याकडे दिवसा आलं. म्हणून आपण आहोत. दादांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आणि पाणी येतंय ते मागे बघ आणि सांग म्हणाले. मी सांगत होते."

हे तिनं मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. खांद्यावरचं सांगितलं होतं. मागे बघायचं नव्हतं सांगितलं.

उजेड भरपूर होता म्हणून शेवटी सोर्पेलाही गेलो. अर्ध्या तासावर, लांगशाइड गावापाशी. जॅक इथे यायचा होता. दोन विमानांचे बॉम्ब त्या रात्री इथे पडले, धरणाच्या माथ्यावरचं थोडं खचलं, पाणी सुटलं नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोठे बॉम्ब टाकून पाहिले, तरी नाही. धरण कसलं, गवतानं मढलेली टेकडीच वाटते. मधे काँक्रीटची भिंत, दोन्ही बाजूंनी मातीचा उतार. पाण्यावर शिडाच्या होड्या होत्या. उतारावर एक मुलगी पुस्तक वाचत पालथी पडली होती.

चिरंजीवांनी आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गोल फिरवून सगळं दाखवलं. तिकडे पुण्यात रात्रीचे अकरा वाजले असतील, ती जागीच होती. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"दगडी भिंत कुठाय रे?"

"भिंत आत आहे आजी. बाहेरून सगळी मातीच. हे मातीचं धरण आहे."

"मातीचं?" आजी म्हणाली. "आणि फुटलं नाही?"